तळटिपेतला श्रीकृष्ण

मागच्या पावसाळ्यात फोंड्याला एका परिसंवादात दोन वक्ते एकमेकांवर तुटून पडले. एकाच्या हातात सह्याद्रिखंड या कोकणाविषयीच्या पुराणाच्या काही पानांची झेरॉक्स होती, दुसऱ्याच्या हातात १५२६ च्या फोरालचं, म्हणजे गावच्या रीतिरिवाजांच्या पोर्तुगीज सनदेचं, भाषांतर. पहिल्याचं म्हणणं असं, की गोव्याचा इतिहास परक्यांनी रचला आणि परक्यांच्याच कागदांवरून रचला. ते कागद बाजूला सारा, आपल्या ग्रंथांवरून तो नव्याने लिहा. दुसरा म्हणाला, पुराणं म्हणजे भाकडकथा, दस्तऐवजात आहे तेवढंच खरं. टाळ्या दोघांनाही पडल्या. चहाच्या वेळी मी पहिल्याला विचारलं, ही पानं कुठल्या आवृत्तीतली? "सह्याद्रिखंडातलीच की!" दुसऱ्याला विचारलं, हा फोराल छापला कुणी? "पुराभिलेखात आहे ना." दोघांच्याही चेहऱ्यावर, हा काय किरकिऱ्या माणूस, असा भाव.

किरकिऱ्या तर किरकिऱ्या. गोव्यात गेली काही वर्षं चाललेला इतिहासाचा वाद भलत्याच जागी लढला जातोय, असं माझं मत आहे. इतिहास कुणी लिहायचा यावर आपण घसे कोरडे करतो. ज्या साधनांवरून तो लिहायचा ती कुणी जुळवली, कुठली पोथी प्रमाण धरली, कुठला शब्द उचलला आणि कुठला टाकला, हे कुणी विचारत नाही. जुना ग्रंथ छापून आपल्या हाती येतो तो वाऱ्याने पडलेल्या आंब्यासारखा आपसूक येत नाही. त्याला संपादक असतो, आणि तो संपादकच पहिला इतिहासकार असतो. याच्याही पुढे जाऊन म्हणतो, ज्याला आज आपण ऐतिहासिक दृष्टी म्हणतो ती कुणा तत्त्वज्ञाच्या सिद्धांतातून कमी आली. चार हस्तलिखितं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहण्याच्या कंटाळवाण्या कामातून ती जास्त आली.

१४४० साली इटलीत लोरेन्झो वाल्ला नावाच्या पंडिताने एक जुनं दानपत्र तपासायला घेतलं. चौथ्या शतकातल्या सम्राट कॉन्स्टन्टाइनने पोपला पश्चिमेचं राज्य देऊन टाकल्याचं त्यात लिहिलेलं होतं, आणि शतकानुशतकं त्यावर पोपच्या ऐहिक सत्तेचा डोलारा उभा होता. वाल्लाने पाहिलं, की त्या दानपत्रात रोमच्या दरबारी ‘सत्रप’ (म्हणजे आपले क्षत्रप, प्रांताचे अधिकारी) हजर आहेत. नाशिकच्या लेण्यांतल्या नहपानाच्या लेखांमुळे क्षत्रप हा शब्द आपल्याला घरचा वाटतो, पण कॉन्स्टन्टाइनच्या रोममध्ये असले अधिकारी नव्हतेच. शब्दांना वय असतं, आणि शब्दाचं वय कागदाच्या वयाशी जुळत नसेल तर कागद खोटा, हा विचार आज शाळकरी मुलालाही पटेल. त्या काळी तो मठांच्या भिंती हलवणारा होता. आता, वाल्ला कुणाच्या पदरी होता? नेपल्सचा राजा अल्फोन्सो याच्या, आणि अल्फोन्सोचं पोपशी चांगलंच वाकडं होतं. म्हणजे हेतू काही सोवळा नव्हता. पण हेतू मळका होता म्हणून सत्रप काही चौथ्या शतकातल्या रोमला राहायला गेले नाहीत.

हा मुद्दा मी मुद्दाम आधी सांगतो, कारण ग्रंथसंपादनावरचा सगळ्यात मोठा आक्षेप हेतूंबद्दलच आहे आणि तो खरा आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन साधनं छापण्याची जी लाट आली ती देशभक्तीची लाट होती. जर्मन इतिहाससाधनांची प्रचंड ग्रंथमाला १८१९ साली स्थापन झालेल्या मंडळीने हाती घेतली, तिचं ब्रीदच होतं की पवित्र देशप्रेम बळ देतं. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, ती काय अलिप्त मनाने? जो कागद शोधायला माणूस उपाशीतापाशी गावोगाव हिंडतो, त्या कागदात आपल्याला हवं ते सापडावं असं त्याला वाटणारच. आणि गोव्यात तर गोष्ट याहून उघडी होती. ‘आर्किवो पोर्तुगेझ ओरिएन्ताल’ या नावाने १८५७ पासून इथले जुने पोर्तुगीज दस्तऐवज छापणारे कुन्य रिव्हारा हे पोर्तुगीज सरकारचे मुख्य सचिव होते. काय छापायचं आणि काय बासनात ठेवायचं हे ठरवणारा माणूस राज्यकर्त्यांच्या खुर्चीवर बसलेला. मग त्या संग्रहावर विसंबायचं कशाला?

विसंबायचं नाहीच, तो वाचायचा. या दोन्हींत फरक आहे. त्याच जर्मन ग्रंथमालेत काम केलेल्या वाटेनबाखने १८५२ मध्ये, ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा मान वाढवणारं एक प्रसिद्ध सनदपत्र चौदाव्या शतकात बनवलेलं बनावट होतं, हे सिद्ध केलं. देशप्रेमाने माणूस पोथीपर्यंत पोचला, पण पोथीजवळ पोचल्यावर कामाची रीत देशप्रेमापेक्षा चिवट निघाली. कारण संपादकाला आपला पुरावा पानाच्या खालच्या अंगाला मांडून ठेवावा लागतो. या प्रतीत असं आहे, त्या प्रतीत तसं, मी हे घेतलं. हे एकदा छापलं की त्याच्या विरोधकाच्या हाती त्याच्याच खर्चाने हत्यार दिल्यासारखं होतं. व्यासपीठावरच्या वक्त्याला ही सोय नसते, आणि तिची गरजही वाटत नाही.

१६७५ साली पापेब्रोख या जेझुइट अभ्यासकाने बेनेडिक्टाइन मठांच्या जुन्या सनदांवर संशय घेतला. त्या पंथाच्या माबिय्योंनी सहा वर्षं काम करून उत्तर दिलं, ते शिवीगाळीच्या पत्रकातून नव्हे. सनदेचं अक्षर, मोहोर, भाषा, तारीख घालायची पद्धत कशी तपासावी याचा सगळा शास्त्रग्रंथच त्यांनी १६८१ मध्ये लिहिला. आणि पापेब्रोखने पत्र पाठवून आपली हार कबूल केली. आपल्याकडच्या कुठल्या वादाचा शेवट असा झालेला तुम्हाला आठवतो?

"ही सगळी गोऱ्यांची विद्या," असं म्हणणारे आहेत, त्यांना मी पैठणला नेतो. शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून अपपाठ, म्हणजे बिघडलेला मजकूर, काढले आणि शुद्ध प्रत तयार केली. वर बजावून ठेवलं, की यात कुणी आपली ओवी घालील तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखी होईल. पोथी हातोहात उतरताना बिघडते, लोक आपलं पदरचं घुसवतात, मूळ शोधावं लागतं, ही जाणीव माबिय्योंच्या ग्रंथाआधी जवळजवळ शंभर वर्षं मराठीत स्वच्छ होती. मात्र एक फरक आहे आणि तो झाकून चालणार नाही. नाथांनी काय काढलं ते लिहून ठेवलं नाही. त्यांना शुद्ध ग्रंथ हवा होता, ग्रंथाचा इतिहास नको होता. काढून टाकलेली ओवी कुठल्या गावात, कुणी, कशासाठी घातली असेल, हा प्रश्न अजून जन्मायचा होता. आधुनिक विचार सुरू होतो तो इथे, जेव्हा चुकीचा पाठसुद्धा पुरावा ठरतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे पाहा. १९१९ ते १९६६ असं जवळपास अर्धं शतक ते काम चाललं, आणि त्याला खरा आकार दिला विष्णु सीताराम सुखटणकरांनी. या आवृत्तीच्या सभापर्वात द्रौपदीचं वस्त्र ओढलं जातं, वस्त्रामागून वस्त्र निघतं, पण तिने श्रीकृष्णाचा धावा केलेला नाही. तो धावा अनेक पोथ्यांत आहे, सगळ्यांत नाही, आणि ज्यांत आहे त्यांत एकसारखा नाही. म्हणून तो मुख्य संहितेतून उतरून तळटिपेत गेला. गणपती लेखनिक झाल्याची गोष्टसुद्धा अशीच आदिपर्वाच्या मजकुराबाहेर गेली.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. संपादकांनी जुळवलेलं हे महाभारत कुठल्याच गावात, कुठल्याच शतकात कुणी वाचलेलं नाही. लोकांचं महाभारत म्हणजे जिथे कृष्ण धावून येतो ते. आमच्या दशावतारात, कीर्तनात, आजीच्या तोंडी तोच येत आलाय. मग खरं कुठलं? शिवाय ‘मूळ’ शोधण्याची ही पद्धत वाटते तितकी पक्की नाही. फ्रेंच पंडित बेदिये याने १९२८ मध्ये दाखवून दिलं, की संपादक मंडळी पोथ्यांच्या ज्या वंशावळी (कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली) काढतात त्या जवळपास सगळ्या दोनच फांद्यांच्या निघतात. पोथ्या उतरणाऱ्या शेकडो माणसांनी मिळून असं ठरवलं असेल हे काही संभवत नाही. हे संपादकाच्या टेबलावर घडतं, कारण दोनच फांद्या असल्या की शेवटी निवड आपल्या मर्जीने करता येते.

बेदियेचं मला बरंचसं पटतं. ‘मूळ पाठ’ हाती लागला असं छातीठोक सांगणारा संपादक आणि ‘खरा इतिहास’ सांगणारा वक्ता यांच्यात फार अंतर नाही. पण जिवंत परंपरा मारली जाते, हा आरोप मात्र मला उलटाच वाटतो. तळटीप ही स्मशानभूमी नाही. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकही श्लोक जाळला नाही. प्रत्येक पोथीतला वाढीव मजकूर, ती पोथी कुठली हे सांगून, जपून ठेवला. त्यामुळेच आज विचारता येतं, की भर सभेत कृष्ण कधी आला? कुठल्या प्रांतांत आधी आला? धर्म म्हणजे काय या द्रौपदीच्या प्रश्नाला सभेत कुणी उत्तर देत नाही आणि तरीही वस्त्र संपत नाही, या कथेत कुणाला देव आणावासा का वाटला? भक्तीच्या वाढीचा इतिहास त्या तळटिपेत बसलाय. एकाच छापील पोथीला कवटाळलं असतं तर आपल्याला नुसता कृष्ण मिळाला असता, त्याचं येणं कळलं नसतं.

आता फोंड्याच्या त्या दोन वक्त्यांकडे येतो. ‘आपला ग्रंथ’ म्हणून ज्याची पानं पहिला नाचवत होता ते सह्याद्रिखंड छापून प्रथम कुणी काढलं? हडफड्यात जन्मलेले ख्रिस्ती डॉक्टर जेर्सन द कुन्य यांनी, १८७७ साली, मुंबईत, वेगवेगळ्या ठिकाणच्या पोथ्या मिळवून आणि पाश्चात्त्य पंडितांच्या रीतीने. वक्त्याला हे ठाऊक नव्हतं, असलं तर त्याने सांगितलं नाही. सह्याद्रिखंड हा एका हाताने, एका काळी लिहिलेला ग्रंथ नव्हे; निरनिराळ्या काळी रचलेले अध्याय त्या नावाखाली गोळा झालेत. त्यांत एका ब्राह्मण जातीची थोरवी आहे तशी दुसऱ्यांची निंदाही आहे, आणि छापून झाल्यावर जातींच्या भांडणांत त्याचा हत्यारासारखा वापर झाला. म्हणजे छापण्याने भांडण वाढलं, हेही मान्य. पण छापल्यामुळेच अध्यायाअध्यायांतली भाषा, विसंगती, कोण कुणावर सूड उगवतोय हे उघड्यावर आलं. पोथी भटजींच्या फडताळात असताना तिच्याशी वाद घालायची सोयच नव्हती.

आणि दुसऱ्या वक्त्याचा फोराल? अफोन्सो मेशिया हा पोर्तुगिजांचा महसूल अधिकारी. गोव्याच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज १५२६ साली त्याच्या कारकिर्दीत लिहून घेतले गेले, कारण सारा नीट वसूल व्हायला हवा होता. कुन्य रिव्हारांच्या संग्रहात हा मजकूर छापलेला आहे. तो सुरू कसा होतो? पूर्वी एका ओसाड बेटावर चार माणसं आली, त्यांनी जमीन लागवडीखाली आणली, वस्ती वाढली आणि तेच पुढे गावकर म्हणवले गेले. ही काय दप्तरी नोंद झाली? परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, आणि चार माणसांनी येऊन ओसाड बेट पिकवलं, या दोन्ही कुळकथाच आहेत. एकीत ब्राह्मणाला जमीन मिळते, दुसरीत गावकराला. सांगणारा ज्याचा त्याचा हक्क सांगतोय. मेशियासमोर गावकर बोलले; कुळं बोलली नाहीत, कुणबी बोलले नाहीत, गावडे बोलले नाहीत. पुराण नाकारून दस्तऐवज डोक्यावर घेणाऱ्याच्या हातात, त्याच्या नकळत, पोर्तुगीज भाषेतलं एक छोटंसं पुराणच होतं.

गावडे आणि कुणब्यांचा विषय निघालाच आहे, तर इथे माझी बाजू लंगडी पडते हेही सांगून टाकतो. बायकांच्या धालो नाचाची गाणी, जागोर या लोकनाट्यातलं बोलणं, देवळात कौल घेताना म्हटलं जाणारं गाऱ्हाणं, यांना पोथी नाही. संपादनाच्या टेबलावर जे येत नाही ते इतिहासाच्या बाहेर राहतं, आणि ते टेबल ज्यांच्या घरी होतं त्यांच्याच आठवणींना पाठभेदांचा मान मिळाला. याला मला पुरतं उत्तर सापडलेलं नाही. तोंडी गाण्यांचीही रूपं गावागणिक टिपून शेजारी मांडता येतात, एवढंच सुचतं. पण ध्वनिफितीवर उतरलेलं गाणं हे माटवात बायका गातात तेच राहतं का, याबद्दल मी साशंक आहे.

खंत याची वाटते, की गोव्याला ही विद्या नवी नाही. मराठीत पाठचिकित्सेची शिस्त ज्यांनी रुजवली ते अनंत काकबा प्रियोळकर नावाप्रमाणेच प्रियोळचे. रघुनाथपंडितांच्या ‘दमयंती स्वयंवरा’ची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९३५ ची. पिळर्ण्याचे पांडुरंग पिसुर्लेकर १९३० ते १९६१ गोव्याच्या पुराभिलेखाचे प्रमुख होते. पोर्तुगिजांच्या वतीने मराठ्यांच्या आणि इतर दरबारांत बोलणी करणारे हिंदू वकील आणि दुभाषे त्यांनी दप्तरातून उजेडात आणले. हे काम आजच्या कुठल्याच बाजूला सोयीचं नाही. ‘आम्ही सतत लढत होतो’ म्हणणाऱ्याला ते वकील अडचणीचे, आणि ‘सगळे हिंदू चिरडलेलेच होते’ म्हणणाऱ्यालाही.

कोसंब्यांचं उदाहरण तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दामोदर कोसंबी गणिती म्हणून जगाला ठाऊक, मार्क्सवादी इतिहासकार म्हणून त्याहून जास्त. पण भर्तृहरीच्या श्लोकांची त्यांची आवृत्ती १९४८ साली आली, आणि भारतीय इतिहासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५६ साली. क्रम लक्षात घ्या. तीनशेहून अधिक पोथ्या ताडून त्यांनी श्लोकांचे गट पाडले: सगळीकडे सापडणारे, काही परंपरांतच सापडणारे, आणि नुसतेच भर्तृहरीच्या नावावर खपलेले. ज्या माणसाने एका कवीच्या नावाखाली शतकानुशतकं किती जणांनी आपला माल घातला ते मोजून पाहिलं, तो ‘प्राचीन भारत म्हणतो की’ असं वाक्य पुन्हा सरळपणे लिहू शकेल का? कुणी म्हटलं, कुणाच्या आश्रयाने म्हटलं, कुणासाठी म्हटलं, हे त्यांचे प्रश्न निव्वळ मार्क्समधून आले असं मानणाऱ्यांनी ती आवृत्ती एकदा चाळावी. त्यांचे वडील धर्मानंद सांखवाळचे. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी ते थेट हार्वर्डला जाऊन राहिले होते. बापलेकांच्या पुतळ्यांची मागणी अधूनमधून होते. पोथ्या ताडायचं शिकवणाऱ्या वर्गाची मागणी मी अजून ऐकलेली नाही.

कोकणी-मराठी वादात तर आपण हे पार विसरलो. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीचा दाखला म्हणून व्यासपीठांवर फिरतं, तिथली मराठीची स्तुती पाठ असते. पण ते १६१६ साली रायतूरला छापलं, १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं, आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जे आपण वाचतो ते हाताने उतरवलेल्या प्रतींवरून. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीतल्या प्रतींवर उभी आहे. लंडनमध्ये असलेली मार्सडेन संग्रहातली प्रत देवनागरीत आहे आणि तिथे धर्मपरिभाषेचे कित्येक शब्द वेगळे, संस्कृत वळणाचे आहेत. स्टीफन्सने आधी कुठला शब्द लिहिला? संस्कृत शब्द काढून पोर्तुगीज घातले, की पोर्तुगीज काढून संस्कृत? याच्या उत्तरावर त्या काळच्या गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाची भाषा, त्यांचं जुन्या धर्माशी नातं, चर्चची पकड, किती गोष्टी अवलंबून आहेत. आणि आपण त्या ग्रंथाचा उपयोग करतो तो राजभाषेच्या मोर्चात घोषणेपुरता. पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेल्या रामायण-महाभारताच्या कथांच्या वह्या आहेत, त्यांचीही तीच गत: आमची की तुमची, एवढाच प्रश्न.

‘परक्यांचे कागद फेका’ म्हणणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगीज काळात पाडलेल्या मंदिरांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये ठेवले. चांगलं की वाईट यात मी शिरत नाही. पण कुठलं देऊळ कुठल्या गावात होतं हे कळायचं कशावरून? इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, दप्तर बहुतेक नष्ट झालंय. जळलेल्या कागदाचं संपादन होत नाही. सासष्टी-बार्देसातली देवळं पाडल्यावर त्यांच्या जमिनी जप्त होऊन चर्चच्या खर्चाला लावल्या गेल्या, आणि त्या जमिनींच्या याद्या महसुली वह्यांत उतरल्या. पाडलेल्या कित्येक देवळांची नावं आज आपल्याला कळतात ती पाडणाऱ्यांच्या या हिशेबांतून. पोर्तुगीज कारकुनाने कोकणी नाव कानाला लागलं तसं लिहिलं, पुढच्या कारकुनाने ते नक्कल करताना आणखी वाकवलं. त्या अक्षरांच्या गुंत्यातून ही सांतेरी की दुसरी कुणी, हा रवळनाथ की आता कुणालाच न आठवणारा एखादा गावपुरुष, हे ठरवायला सोळाव्या शतकातलं पोर्तुगीज अक्षर वाचता यायला हवं, गोयकानडी ही गोव्याची जुनी लिपी आणि मोडी यायला हवी, आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची नावं कानात असायला हवीत. एवढं सगळं येऊनही काही नावांपुढे संपादकाला कंसात प्रश्नचिन्ह टाकूनच पुढे जावं लागतं.